कानाने वाचायची पुस्तके : इतिहास, राजकारण आणि कादंबरी

ऑडिओबुकांविषयी मराठीत जे बोलले जाते ते बहुधा पुस्तके वाचावीत की ऐकावीत या वादातच अडकून पडते. त्यामुळे अमुक पुस्तक ऐकण्यात कसे उतरले आहे, निवेदकाने त्याचे भले केले की वाटोळे, आणि ज्याने पैसे मोजले त्याच्या पदरात काय पडले, ही साधी चिकित्सा मागे राहते. इतिहास, राजकारण आणि कथा-कादंबऱ्या या तीन प्रकारांतली मराठी व इंग्रजी ऑडिओबुके मी काही वर्षे नियमाने ऐकत आलो आहे आणि त्यावरून बनलेली मते येथे नोंदवतो. माझे मुख्य म्हणणे असे की ऐकण्यासाठी पुस्तक निवडताना त्याचा विषय किंवा त्याची कीर्ती पाहण्याआधी त्याच्या गद्याची जात पाहावी. जे लिहिताना लेखकासमोर कोणीतरी ऐकणारा बसलेला होता, ते पुस्तक कानाला मानवते. जे टाचणे, तक्ते आणि तळटिपा मांडून रचले गेले, ते कितीही थोर असले तरी कानावरून वाहून जाते, आणि दोन तासांनी विचारले तर त्यातले एकही वाक्य धड सांगता येत नाही.

मराठीत ही सोय अलीकडची आहे. स्वीडनमधली स्टोरीटेल ही कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि तिने मराठीला आरंभापासून जागा दिली. ऑडिबलची भारतीय सेवा २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्याआधी मराठी घरांत कॅसेटवर ऐकले जाणारे पुस्तक म्हणजे मुख्यतः पु. ल. देशपांडे यांनी स्वतः वाचलेले ‘व्यक्ती आणि वल्ली’. अंतू बर्वा ज्यांनी आधी ऐकला आणि मागाहून वाचला, त्यांना छापील पानावरसुद्धा पुलंचाच आवाज ऐकू येतो. त्या ध्वनिमुद्रणांनी मराठी अभिवाचनाला एक माप घालून दिले हे खरे, परंतु नंतरच्या निवेदकांचे त्यांनी थोडे नुकसानही केले. पुलं वाचता वाचता त्या माणसाचे रूप घेत, कारण मजकूर त्यांचा होता आणि तो कुठे सैल सोडायचा, कुठे आवळायचा हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्याचे पुस्तक हाती घेतलेला निवेदक तोच प्रयोग करू लागला की म्हातारा आला म्हणून आवाज थरथरतो, खलनायक आला म्हणून घसा खरवडला जातो, स्त्रीपात्र आले म्हणून स्वर अकारण चिरका होतो. श्रावणात पोथी वाचणारा आणि देवळात कीर्तनाला उभा राहणारा, या दोघांची कामे आपल्याकडे पूर्वीपासून वेगळी आहेत. ऑडिओबुकाच्या निवेदकाने पोथीवाल्याचे काम पत्करलेले असते. अर्थ कळून, शब्द न गिळता, एका लयीत वाचत राहणे एवढेच त्याच्याकडे मागितलेले असते आणि तेवढे नीट करणारे थोडे असतात.

कादंबऱ्यांपासून सुरुवात करतो, कारण हा प्रकार कानाला सर्वांत सोपा आहे असा समज आहे. तो निम्माच खरा आहे. मराठीतल्या ज्या गाजलेल्या कादंबऱ्या प्रथमपुरुषी निवेदनात आहेत त्या ऐकताना विशेष खुलतात. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) ही कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या स्वगतांतून उलगडते; वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. छापील पुस्तकात प्रकरणाच्या डोक्यावर नाव आले की वाचकाला निवेदक बदलल्याचे कळते, पण चार पानांनंतर सगळ्यांची भाषा सारखीच अलंकारिक वाटू लागते, ही या दोन्ही कादंबऱ्यांची जुनी अडचण आहे. वेगवेगळे आवाज दिले की ती अडचण पुष्कळशी हलकी होते. दुसरीकडे, सावंतांची उपमा-उत्प्रेक्षांची रास डोळ्याला ओलांडता येते, कानाला येत नाही. छापील पानावर आपण सूर्योदयाच्या वर्णनावरून नजर पुढे सरकवतो. येथे मात्र सूर्य पूर्ण उगवेपर्यंत थांबावे लागते. ज्यांनी ‘मृत्युंजय’ विद्यार्थिदशेत भारावून वाचली होती त्यांनी ती आता ऐकून पाहावी. कर्णाविषयीचे प्रेम तसेच राहील, लेखनातला फुगारा मात्र पहिल्यांदाच स्पष्ट जाणवेल.

याच्या अगदी उलट अनुभव व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५). माणदेशातल्या धनगरवस्तीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर स्वतः सांगतो आहे. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. हे गद्य मोठ्याने वाचले की त्याचे सगळे कौशल्य बाहेर येते. पण त्यातले धनगरांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत आणि येथेच निवेदकाची कसोटी लागते. पुण्या-मुंबईत वाढलेला निवेदक ही बोली ‘गावरान’ म्हणून एकाच ठशात काढतो, जो ठसा त्याने दूरदर्शनवरच्या विनोदी मालिकांतून उचललेला असतो. माणदेश, कोल्हापूर आणि मराठवाडा या तिन्ही मुलखांतली माणसे त्याच्या तोंडी एकाच हेलात बोलतात. एका ग्रामीण कथासंग्रहाच्या वाचनात निवेदकाने प्रत्येक शेतकऱ्याला किंचित मंदबुद्धी करून टाकलेले मी ऐकले आहे. तिथे लेखकाने लिहिलेला विनोद त्या माणसांच्या शहाणपणातून येणारा होता, आणि तो वाचनात पार हरवला होता.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) गद्य तर तोंडचेच आहे. पांडुरंग सांगवीकर बोलत सुटतो, स्वतःला अडवतो, पुन्हा भलतीकडे जातो. असे गद्य ऐकण्यासाठीच जन्मले आहे असे वाटते, पण त्यातला रोजनिशीचा भाग मात्र अवघड जातो. पानावर तारीख, मग एक ओळ, मग मोकळी जागा, असे जे दिसते त्या मोकळ्या जागेतच अर्धा अर्थ असतो. निवेदकाने तिथे नीट विराम घेतला नाही तर आठवड्याच्या नोंदी एकाच परिच्छेदात कोंबल्यासारख्या लागतात. ध्वनिसंपादन करणारे लोक शांतता म्हणजे वाया गेलेली सेकंदे समजून ती कापतात की काय, अशी शंका मला अनेक ऑडिओबुकांत आली आहे.

ऐतिहासिक कादंबऱ्यांबाबत एक तक्रार सविस्तर मांडणे भाग आहे आणि ती पार्श्वसंगीताची आहे. शिवकाल किंवा पेशवाई म्हटली की तुतारी, नगारे, घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट यांशिवाय निर्मात्यांना चैन पडत नाही. प्रकरणाच्या आरंभी पाच सेकंदांची तुतारी चालून जाईल. निवेदनाच्या खालून सतत वाजणारी बासरी मात्र वाक्यांची लय मारते. लेखकाने एखादे वाक्य मुद्दाम तुटक ठेवलेले असते आणि त्याच वेळी खालचा सूर लांबत गेलेला असतो. शिवाय स्वयंपाक करताना, लोकलमध्ये किंवा गाडी चालवताना ऐकणाऱ्याला नगाऱ्यासाठी आवाज कमी आणि निवेदनासाठी जास्त करावा लागतो. नभोनाट्याची परंपरा मोठी आहे, परंतु नभोनाट्य हे ऐकण्यासाठी लिहिलेले असते. कादंबरीतले वर्णन जेव्हा घोडे दौडल्याचे सांगतच आहे, तेव्हा टापा पुन्हा वाजवणे म्हणजे लेखकावर आणि ऐकणाऱ्यावर, दोघांवरही अविश्वास दाखवणे होय.

इंग्रजीत हा विचार पुष्कळ पुढे गेला आहे आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मी हिलरी मँटेल यांच्या ‘वुल्फ हॉल’ (२००९) या कादंबरीचे नाव घेईन. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या डोळ्यांतून सांगितलेली ही कथा वर्तमानकाळात चालते आणि तिच्यातले सर्वनाम बहुतेक वेळा क्रॉमवेललाच उद्देशून असते. छापील पुस्तकात दोन पुरुष बोलत असताना ‘तो’ म्हणजे नेमका कोण, हे समजायला वाचक वारंवार मागे जातो. ‘वुल्फ हॉल’ हा तीन खंडांच्या मालिकेतला पहिला खंड; तिसरा खंड वाचणारे आणि नंतर पहिले दोन खंडही नव्याने ध्वनिमुद्रित करणारे बेन माइल्स हे रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या रंगभूमीवर क्रॉमवेलची भूमिका केलेले नट आहेत. त्यांच्या वाचनात हा गोंधळ जवळजवळ उरत नाही, कारण क्रॉमवेलचा विचार सुरू झाला की आवाज किंचित खाली आणि जवळ येतो. पात्रांची नक्कल न करता केवळ अंतर बदलून त्यांनी हे साधले आहे. छापील पुस्तकापेक्षा ऐकलेले पुस्तक सरस ठरले असे मी ज्यांच्याविषयी म्हणेन, त्यांत हे पहिले.

जॉर्ज साँडर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’ (२०१७) या कादंबरीच्या ऑडिओबुकात १६६ आवाज आहेत. १८६२ मध्ये लिंकनचा मुलगा विली वारला, त्यानंतरच्या एका रात्री दफनभूमीतली भुते बोलत आहेत अशी तिची रचना आहे, आणि मध्ये मध्ये खऱ्या व काल्पनिक इतिहासग्रंथांतले उतारे संदर्भासह येतात. या प्रयोगाला पुरस्कार मिळाले आणि ते योग्यही होते. तरीही पुस्तक आधी वाचले नसेल तर पहिला तासभर काहीही हाती लागत नाही, हे सांगितले पाहिजे. भुतांची गर्दी आवाजांनी सुंदर उभी राहते. प्रत्येक उताऱ्यामागून वाचला जाणारा ग्रंथसंदर्भ मात्र कानात खड्यासारखा येतो. हे पुस्तक वाचून झाल्यावर ऐकावे.

राजकारणाच्या पुस्तकांकडे वळले की निवेदकाचा प्रश्न वेगळे रूप घेतो, कारण राजकीय आत्मचरित्रे पुष्कळदा लेखकच वाचतो. बराक ओबामा यांनी आपली सगळी प्रमुख पुस्तके स्वतः वाचली आहेत आणि त्यांपैकी दोन पुस्तकांच्या वाचनाला २००६ व २००८ मध्ये ग्रॅमी पारितोषिके मिळाली. ‘अ प्रॉमिस्ड लँड’ (२०२०) हे सुमारे २९ तासांचे आहे. त्यांची वाक्ये लांब, पोटवाक्यांनी भरलेली. कागदावर ती कधी कधी दमवतात. बोलण्यात मात्र ती सहज उलगडतात, कारण हा माणूस तशाच वाक्यांत विचार करतो आणि श्वास कुठे घ्यायचा हे त्याला माहीत आहे. गती थोडी संथ आहे, ती सव्वापट केली तरी बिघडत नाही. भारतीय श्रोत्यांना मनमोहन सिंग यांच्याविषयीचा आदराचा भाग आणि राहुल गांधी यांच्यावरचा तो वर्तमानपत्रांत गाजलेला शेरा माहीत असतो. ऐकताना लक्षात येते की तो शेरा मारताना आवाजात कुचेष्टा नाही, नोंद घेतल्याचा कोरडेपणा आहे.

पण याच गुणात एक धोका आहे. आर्थिक मंदीनंतर बँकांना सावरण्याचे निर्णय का घेतले, याचे समर्थन त्या शांत, समंजस आवाजात ऐकताना मान डोलत राहते. तेच प्रकरण मी नंतर छापील प्रतीत वाचले तेव्हा समासात तीन-चार ठिकाणी प्रश्नचिन्हे काढावीशी वाटली. राजकारण्याचा आवाज हे त्याचे मुख्य हत्यार असते आणि ऑडिओबुकात ते थेट आपल्या कानाशी आणून ठेवलेले असते. म्हणून राजकीय आत्मचरित्र लेखकाच्या आवाजात ऐकावे जरूर, पण त्या माणसाविषयी मत बनवायचे असेल तर त्याच काळावरचे दुसऱ्या कोणाचे तरी पुस्तक जोडीला घ्यावे.

ती भूक रॉबर्ट कॅरो यांच्यासारखा चरित्रकार भागवतो. ‘द पॉवर ब्रोकर’ (१९७४) हे न्यूयॉर्क शहराचे रस्ते, पूल आणि उद्याने यांवर कित्येक दशके हुकमत गाजवणाऱ्या रॉबर्ट मोझेस याचे चरित्र, आणि ते ऐकायला ६६ तासांच्या आसपास लागतात. आकडा ऐकून छाती दडपते. तरीही मी आजवर ऐकलेल्या राजकीय पुस्तकांत हे सर्वांत ओघवते आहे, आणि त्याचे कारण कॅरो यांच्या लेखनपद्धतीत आहे. मोझेसने बांधलेल्या रस्त्यांची लांबलचक यादी देताना आपल्यासमोर ‘इलियड’मधल्या याद्यांची लय होती, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. पानावर जी यादी डोळा ओलांडून जाईल ती येथे मंत्रासारखी कानावर आदळते आणि त्या माणसाच्या सत्तेचा आवाका आकड्यांशिवाय कळतो. एका महामार्गाच्या एका मैलासाठी ब्राँक्समधली एक नांदती वस्ती कशी उठवली गेली, यावरचे प्रकरण सुटेही ऐकावे. निवडून न आलेला अधिकारी निवडून आलेल्यांना कसा नाचवतो हे पाहायचे असेल तर महापालिकेच्या कारभाराशी संबंध येणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला त्यातले फारसे काही परके वाटणार नाही. कॅरो यांनीच लिहिलेल्या, अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या चरित्राचे आजवर प्रसिद्ध झालेले चार खंड ग्रोव्हर गार्डनर यांनी वाचले आहेत. त्यांचा आवाज वरकरणी रुक्ष वाटतो, परंतु इतक्या लांब पल्ल्याला तोच टिकतो. भावनेने ओथंबलेला आवाज चौथ्या तासाला नकोसा झाला असता.

मराठी राजकीय आत्मचरित्रांपैकी कानासाठी मला सर्वांत योग्य वाटते ते यशवंतराव चव्हाण यांचे ‘कृष्णाकाठ’ (१९८४). देवराष्ट्रे, कऱ्हाड, बेचाळीसची चळवळ असे ते १९४६ पर्यंत येते. योजलेले पुढचे खंड व्हायच्या आतच यशवंतराव गेले. त्यांचे गद्य सभेतल्या भाषणासारखे नाही. ओळखीच्या माणसापाशी सावकाश बोलावे तसे आहे, आणि आईविषयी किंवा शाळेतल्या मास्तरांविषयी सांगताना ते क्षणभरही गळा काढत नाही. अलीकडच्या नेत्यांच्या आत्मकथनांत हा गुण दुर्मीळ आहे. त्यांतली बरीचशी कोणाला तरी सांगून लिहवून घेतलेली असतात, आणि ऐकताना शब्दांकन करणाऱ्याचे वाक्य कुठे सुरू झाले आणि नेत्याचे कुठे संपले हे लगेच उमगते.

आता इतिहास. हा प्रकार मला सर्वांत प्रिय आहे आणि ऑडिओबुकात सर्वाधिक निराशा त्यानेच केली आहे. पानिपतचे उदाहरण घेऊ. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी आणि त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतावरचा ग्रंथ यांचा विषय एकच. कादंबरी कानाने सहज पेलवते. शेजवलकरांचे विवेचन मात्र नकाशाशिवाय पुढे सरकत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठ्यांच्या व दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. त्यामुळे दक्षिणेतून आलेली फौज उत्तरेला आणि उत्तरेतून आलेला शत्रू दक्षिणेला, अशी उलटापालट झाली आणि भाऊसाहेबांची रसद तुटली. नकाशावर हे एका नजरेत कळते. ऐकताना मात्र कुंजपुरा वर की खाली, सैन्याचे तोंड कोणीकडे आणि पाठ कोणीकडे, याचा पत्ता लागेनासा होतो, आणि १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडेपर्यंत श्रोता यमुनेच्या कोणत्या काठावर उभा आहे हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. सोबत पीडीएफ दिलेली असते असे उत्तर मिळते. बसमध्ये उभ्याने ऐकणाऱ्याने ती कुठल्या हाताने उघडावी, हे कोणी सांगत नाही.

भारताच्या इतिहासावरची इंग्रजी ऑडिओबुके ऐकताना आणखी एक विघ्न असते, ते विशेषनामांचे. परदेशी निवेदकाने ‘सदाशिवराव’ अडखळत उच्चारला तर ते समजून घेता येते. एका ग्रंथात मात्र त्याच सरदाराचे नाव तीन प्रकरणांत तीन तऱ्हांनी उच्चारले गेले आणि ही तीन वेगळी माणसे आहेत असे समजून मी बराच वेळ ऐकत राहिलो. निर्मितीच्या वेळी अर्धा दिवस एखाद्या जाणकाराला बसवले असते तर हे सहज टळले असते.

इतिहासाच्या ज्या साधनांचा जन्मच सांगण्यातून झाला, ती मात्र ऐकताना झळाळून उठतात. जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली सभासदाची बखर ही आकाराने लहान आहे. तिची वाक्ये क्रियापदावर धाडकन संपतात, फारसी शब्द ओळीओळीला येतात, आणि तरीही चांगल्या वाचनात अर्थ अडत नाही. कारण ती दरबारात वाचून दाखवता येईल अशाच बेताने रचलेली आहे. (पुलंचे हरितात्या शिवरायांच्या गोष्टी जणू स्वतः तिथे हजर असल्यासारख्या सांगतात, त्यामागे हीच बखरीची चाल आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.)

त्याहून मोठा आनंद विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने दिला. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. शहर पडल्यानंतर लूट कशी झाली ते तो दिवसागणिक सांगतो, आणि त्यात तो स्वतः कुठे लपला, काय खाल्ले, काय गमावले याचा हिशेबही देतो. घरी परतल्यावर ओसरीवर बसून सांगावे तसे हे कथन आहे. त्यात वीररस चढवायला जागा नाही, आणि ज्या निवेदकाला हे कळले त्याने काम फत्ते केले. परंतु येथे एक मुद्दा गंभीर आहे. हे पुस्तक १९०७ मध्ये प्रथम छापले गेले तेव्हा चिं. वि. वैद्य यांनी त्याच्या मजकुरावर पुष्कळ हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. या दोन संहितांत फरक आहे, आणि आपण कोणती ऐकतो आहोत हे श्रोत्याला कळलेच पाहिजे. बहुतेक मराठी ऑडिओबुकांत आरंभी शीर्षक, लेखक, निवेदक आणि निर्माता एवढेच सांगतात. आवृत्ती, वर्ष, संपादक, मजकूर संक्षिप्त आहे की संपूर्ण, यांपैकी काही नसते. कादंबरीला ते एक वेळ चालेल, इतिहासाला चालत नाही.

आश्चर्य असे की हे कसे करायचे याचे उत्तर फार पूर्वी सापडलेले आहे. ऑडिओबुकांची सुरुवात अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांपासून झाली. इंग्लंडमध्ये १९३५ साली अशी पहिली पुस्तके तबकड्यांवर निघाली. अंधांसाठी वाचणाऱ्यांची शिस्त कडक असते. आवृत्तीची माहिती आधी वाचायची, तळटीप आली की ‘तळटीप’ असे म्हणून ती वाचायची आणि संपल्यावर तसे सांगायचे, चित्र किंवा नकाशा असेल तर त्यात काय आहे ते दोन वाक्यांत वर्णन करायचे. अंध वाचकांना पुस्तके सुलभ व्हावीत म्हणून झालेल्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. म्हणजे या कामाची जाण आपल्याकडे नाही असे म्हणता येत नाही. व्यापारी निर्मात्यांनी तळटिपा सरळ गाळल्या आणि त्याला ‘ओघवते’ असे नाव दिले. पानिपतच्या ग्रंथात प्रकरणाच्या आरंभी कोणीतरी मिनिटभर नकाशा शब्दांत सांगितला असता, तर वर मी जी तक्रार केली तिच्यातली निम्मी धार गेली असती.

सेवांविषयी थोडक्यात. मासिक वर्गणीत हवे तेवढे ऐका ही पद्धत आणि ठरावीक पैशांत एक पुस्तक कायमचे घ्या ही पद्धत, या दोहोंपैकी मराठी कथा-कादंबऱ्यांसाठी पहिली परवडते, कारण त्या पाच ते पंधरा तासांत उरकतात आणि न आवडलेली सोडून देता येते. कॅरोसारख्या अजस्र ग्रंथासाठी दुसरी बरी. पैशांपेक्षाही मला खटकते ती प्रकरणांची मांडणी. एका ॲपवर सबंध पुस्तकाचे भाग नुसते क्रमांकाने दिलेले असतात. प्रकरणाचे नाव नाही, त्यामुळे ‘कुंजपुऱ्याचा भाग पुन्हा ऐकू’ असे मनात आले तर अंदाजाने मागे-पुढे सरकत बसावे लागते. खुणा करून ठेवण्याची सोय असते, पण खुणेसोबत टिपण लिहिता येईलच असे नाही. तक्रार कळवली तर आभाराचे उत्तर तत्परतेने येते.

‘श्यामची आई’चा उल्लेख मुद्दाम शेवटाकडे ठेवला. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे लेखकाने श्रोते पुस्तकातच बसवले आहेत. गुरुजी १९५० मध्ये गेले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे उलटल्याने हे पुस्तक आता सर्वांना खुले आहे. साहजिकच त्याची वाचने उदंड झाली आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी रडकी आहेत. गुरुजींच्या मजकुरात अश्रू आधीच पुरेसे आहेत. निवेदकाने त्यांत आपले मिसळले की आईची शिस्त, तिचा करारीपणा, दारिद्र्यातही मोडून न पडणारा तिचा ताठा हे सगळे धुऊन जाते. कोकणातल्या घरातल्या वस्तू, पदार्थ, पूजेची तयारी यांची नावे जो निवेदक ओळखीने आणि कौतुकाने उच्चारतो, त्याच्या वाचनात हे पुस्तक पुन्हा ताजे होते.

याच खुल्या झालेल्या पुस्तकांवर आता यंत्राच्या आवाजाची धाड आली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या पुस्तकाचे, ज्यात प्रत्येक वाक्याआड बाईंचे मिस्कील हसू दडलेले आहे, यांत्रिक वाचन ऐकणे ही शिक्षा आहे. यंत्र सुधारले आहे हे मान्य. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा असतो हे त्याला अजून पुरते उमगलेले नाही, एवढेच. इतिहासाच्या पुस्तकात तर ते ‘१७६१’ हा आकडा ‘एक हजार सातशे एकसष्ट’ असा वाचते, ‘इ. स.’ ही दोन अक्षरे सुटी सुटी म्हणते आणि ‘पृ. ४२’ तसेच अर्धवट उच्चारून पुढे जाते. अशा ऑडिओबुकावर निवेदकाचे नाव बहुधा छापलेले नसते. त्यामुळे घेण्यापूर्वी मी आधी ते नाव शोधतो, मग नमुन्यातली पाच मिनिटे ऐकतो, आणि नमुन्यात एखादे साल आले तर ते कसे उच्चारले जाते याकडे विशेष कान देतो.